आखूड मुसळ

आमच्यात सांगतात, तेव्हा आभाळ इतकं खाली होतं
की उंच माणसाला वाकून चालावं लागे.
एक दोर लोंबत असे. वर जावं, देवाशी दोन शब्द बोलून यावं.
मरण कुणी पाहिलेलं नव्हतं.
दिवसाला ज्वारीचा एक दाणा. तेवढा पुरे.

मग पहिल्या बाईने मूठभर दाणे उखळात टाकले,
लांब मुसळ उचललं,
ते वर लागलं.
आभाळ उठून गेलं, आणि एका निळ्या पाखराने
दोर तोडला.
पाखराला कुणी नावं ठेवत नाही.

आई हे कांडता कांडता सांगायची,
शेजारणीची चहाडी सांगावी तसं.

मी सात वर्षांची. माकुरकाकाकडून
माझं मुसळ हातभर करून घेतलं.
न्यानवुत आत्या म्हणाली, याने पीठ नाही पडायचं पोरी,
नुसता आवाज.
पण मी आभाळाला जपत होते.
आईवरही ओरडायचे, खाली धर, अजून खाली.

त्या साली नाईलचं पाणी तळावरून हटलं नाही.
मलिथ, माझ्या पाठचा,
तीन रात्रींच्या तापात गेला.
शेणाच्या राखेत त्याच्या टाचा
सकाळीही उमटलेल्या होत्या.
मी विचारलं, तो दोर कुठल्या झाडापाशी होता?
आईने गाईचं दावं सोडलं, पुन्हा बांधलं.

दुपारी सगळे सावलीला असताना
मी आत्याचं मुसळ घेतलं, माझ्याहून दीड हात लांब,
वारुळावर चढले
आणि मारलं.
परत मारलं.
कशालाच लागलं नाही.
खांद्याला तेवढा हिसका बसला.

तेव्हा जे कळलं ते कुणाला सांगितलं नाही:
त्या बाईचं निदान लागलं तरी होतं.
वर कुणीतरी कळवळलं होतं.

खाली आले. आईने सुपात ज्वारी काढलेली,
दुखवट्याला सोळा माणसं,
त्यांतली दोन होडीतून आलेली, चिखलाच्या पायांनी.
एक दाणा कुणाला पुरणार?
पहिल्या बाईच्या दारातही कुणी येऊन बसलं होतं का,
ते गोष्टीत येत नाही.

आम्ही दोघी उखळाशी उभ्या राहिलो.
आईचं मुसळ सवयीने खालीच होतं,
माझ्या ओरडण्याची वाट बघत.
मी म्हटलं,
वर घे.