नजरेचा काटा

मागच्या वर्षी एकतीस अर्ज गेले आमच्या कॉलेजातून
डोंगरापलीकडच्या त्या विद्यापीठात,
सात जणांना घेतलं.
मिसेस लिंडक्विस्ट स्क्रीन माझ्याकडे वळवतात
आणि पेन्सिलीच्या खोडरबराने सातच्या आकड्यावर टकटक करतात,
जणू आत कुणी आठवा झोपला असेल तर उठावा.
तेवीस टक्के, त्या म्हणतात, साधारण.
हा 'साधारण' त्या अलगद ठेवतात टेबलावर,
माझ्या बाजूला.

परतीच्या वाटेवर दोन्हीकडे बदामाच्या बागा,
फुलं झडून गेलेली, मधमाश्यांच्या पेट्या
ट्रकवर लादून कुठल्याशा दुसऱ्या राज्यात निघालेल्या.
त्यांना कुणी विचारत नाही
मागच्या बागेत तुमची सरासरी काय होती.

माझी तीन पूर्णांक एकेचाळीस.
एक सी नसता तर चाललं असतं.
सेंद्रिय रसायनशास्त्र, वसंत सत्र:
त्या मार्चमध्ये एका गाईने लाथ मारून बापाचं खुब्याचं हाड मोडलं,
तो मोडेस्टोच्या इस्पितळात छताकडे बघत पडला
आणि मी पहाटे तीनला एकशे ऐंशी गाईंच्या मागे उभी.
आठच्या परीक्षेला बसले तेव्हा
बोटं आयोडीनने तपकिरी,
उत्तरपत्रिकेवर माझ्या अंगठ्याचा ठसा,
एखाद्या करारनाम्यावर असावा तसा.

शितावरून भाताची परीक्षा करतात लोक.
माझं नेमकं तेच शीत कच्चं राहिलं.

बाप वासराचं वजन नजरेने सांगतो.
गुरुवारी व्यापारी काटा घेऊन येतो,
बाप काट्याकडे बघतही नाही,
दोनशे बारा पौंड, म्हणतो,
आणि काटा दोनशे दहावर थोडा थरथरून गप्प होतो.
तेर्सेरा बेटावर त्याच्या बापाकडे काटाच नव्हता,
म्हणून ही विद्या.

तर त्या रात्री सूपाच्या ताटलीशेजारी
मी गुणपत्रिका ठेवली. म्हटलं, सांगा आता.
हात दाखवून अवलक्षण, कळत होतं मला, तरी.

त्याने चष्मा लावला नाही.
कागद सोडून माझ्याकडेच पाहिलं,
आधी खांदे, मग मनगटं,
खरेदीच्या दिवशी पाहतो तसं, घाई न करता.
मग विचारलं,
"त्या सातांपैकी कुणाकडे गाई होत्या?"

मला माहीत नव्हतं.
मिसेस लिंडक्विस्टनाही नसावं.
तेवीस टक्क्यांत हे कुठे बसतं, कोण जाणे.

त्याने पाव मोडला, सूपात बुडवला,
आणि विषय बदलून म्हणाला की
पाचव्या गव्हाणीचा पाइप गळतोय.

अर्जाच्या शेवटी एक चौकट आहे:
आणखी काही सांगायचं असल्यास, साडेपाचशे शब्दांत.
तीन रात्री मी तिथे खुब्याचं हाड लिहिलं आणि पुसलं.
लिहिलं की भीक मागितल्यासारखं दिसतं,
पुसलं की सी एकटाच उभा राहतो,
साक्षीदार नसलेल्या माणसासारखा.

चौथ्या पहाटे दूध काढायला उतरले
तर दारात, माझ्या बुटांशेजारी
रबरी बुटांचा एक नवा जोड.
अकरा नंबर. किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.
बापाचा आठ. माझा सात.

"युसेबियो," बाप दुधाच्या टाकीचं झाकण पुसत म्हणाला,
"सिल्वेरांकडे होता. चांगला आहे.
ऑगस्टअखेर येईल म्हणतो, कायमचा."

अजून मी अर्ज पाठवलाही नव्हता.
निकाल तर एप्रिलअखेर.
मी म्हटलं, आणि नाही मिळाली जागा तर?
त्याने झाकण परत पुसलं, तेच, स्वच्छ असलेलं.
"तर त्याला बूट मोठे होत नाहीत ना, ते बघू."

मी पहिल्या गाईला बांधलं, यंत्र लावलं.
दूध काचेत चढू लागलं, नेहमीसारखं आधी थोडं, अडखळत.
चौकट अजून रिकामीच आहे.
पहिलं वाक्य मात्र सापडलंय,
त्यात आयोडीन येतं.