रिकामा खोका

कुर्टीच्या नाक्यावरून आत वळलात
की टायरांच्या ढिगामागे माझं गॅरेज.
पाटी नाही. गरज पडली नाही कधी.

आंतोनेतबाईंनी सीटवरची पिशवी पुढे केली,
म्हणाल्या, उमाकांत, या वेळी ब्रेकचे पॅड मीच आणलेत,
मोबाइलवर मिळाले, दुकानापेक्षा निम्म्यात,
तू फक्त बसवून दे.
रात्रपाळी संपवून थेट इस्पितळातून आल्या होत्या,
डोळ्यांखाली ती नेहमीची निळसर सूज.
मी वाद घातला नाही.

खोका अस्सल.
कोपऱ्यावरचं चकचकीत चिन्ह
तिरकं धरलं की हिरवं होणारं.
पॅड मात्र हलके.
काट्यावर दाखवता येणार नाही इतपत,
तळहाताला कळेल एवढेच,
जसं मासळी उचलताना बायकांना कळतं
आजची की कालची.

म्हटलं, हे मला पटत नाहीत.
त्या हसल्या. तुझा नफा बुडाला म्हणून?
आणि इथे मी गप्प झालो,
कारण थोडं ते खरंही होतं.
बसवले. तीनशे रुपये मजुरी.

अठराव्या दिवशी बोरीच्या उतारावर,
पूल दिसू लागतो तिथे,
पुढे मातीचा टिप्पर,
आणि पायाखाली ब्रेक नव्हे, भिजलेला स्पंज.
त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी डावीकडे घातली
कुणाच्या तरी घरासाठी रचलेल्या चिऱ्यांच्या ढिगात.
मनगट मोडलं. उजवं.
इंजेक्शन देणारं.

गाडी माझ्याकडेच आली, ओढत.
चाक काढलं तर पॅडचा मसाला पत्र्यावरून सुटलेला,
भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा.
नखाने उकरला:
भुसा, राळ, आणखी काय ते देव जाणे.

डिकीत तोच खोका.
परत पाठवायचा म्हणून जपलेला,
मुदत सात दिवसांची, केव्हाच सरलेली.
मी झाकण उलटं केलं, उगाच,
आतल्या घडीवर पेन्सिलीने लिहिलं होतं
५२,३४० / १४ मे / उ.

माझं अक्षर.
उच्या शेपटीला माझाच तो हिसका.
उस्तादांनी लावलेली सवय:
पार्ट बसवला की किलोमीटर खोक्यात लिहावेत,
महिनाभर खोका ठेवावा, मग टाकावा.

टाकत नव्हतो मी.
शाबी भंगारवाला न्यायचा, पुठ्ठा किलोवर,
पण नावाजल्या कंपनीचा, न फाटलेला असेल
तर नगाला दहा.
दहा! रिकाम्या खोक्याला!
त्या पैशांची मी पाव-भाजी खाल्ली, वर चहा,
एकदाही विचारलं नाही, रे शाबी,
पोकळीला एवढा भाव कोण देतो?

विचारलं तेव्हा म्हणाला, बुधवारी टेम्पो येतो.
कुणाचा?
टेम्पोवाल्याचा.

आता खोका रिकामा झाला की आधी सुरी चालवतो
चारही कोपऱ्यांवर.
शाबी खाली बघत म्हणतो, कापलेला नको, दादा.
मग तर कापतोच.
पण आधी गेलेले किती, त्याचा हिशेब
कुठल्याच वहीत नाही.
असलाच तर त्या खोक्यांत,
माझ्याच पेन्सिलीने, गावोगाव.

आंतोनेतबाई आल्या, हात प्लास्टरमध्ये,
प्लास्टरवर वॉर्डातल्या पोरींच्या सह्या.
पॅड नवे, डिस्क घासलेली,
बंपर आफोंसने ठोकून सरळ केलेला.
किती झाले?
डाव्या हाताने नोटा मोजू लागल्या, सावकाश.
मजुरी नको म्हटलं तर चिडल्या,
मी काय भीक मागायला आले?
घेतली.
मग गल्ल्यातून दहाची नोट काढली,
त्यांच्या हातावर ठेवली.

हे कसले रे?

मी चाकाचे नट आवळायला बसलो.
आवळलेलेच होते.