आउनेला विचारा

फाइलीत अकरा हजार ओळी होत्या.
त्यातल्या एकीवर बोट ठेवून यार्मो म्हणाला,
"ही तेवढी बघ. दोन टिचक्यांमधलं अंतर.
बाकीच्यांकडे पाचशे मिलिसेकंद,
आपल्याकडे सहाशे चाळीस.
का, ते कुणालाच ठाऊक नाही."

ओळीच्या शेपटाला सत्तावीस वर्षांपूर्वीची टीप होती:
आकडा बदलू नका. आउनेला विचारा.

कंपनीच्या यादीत आउने नव्हती.
जुन्या यादीतही नव्हती, फोनच्या भरभराटीतल्या,
जिच्यातले निम्मे आता शाळेत गणित शिकवतात
आणि एक जण रेनडिअर पाळतो.
टीप लिहिणारा मात्र सापडला. वेइयो लुमियार्वी.
औलूहून बसनं अर्धा तास, मग चालत, मग समुद्रावरूनही चालत,
कारण मार्च होता आणि समुद्र अजून घट्ट होता.

गिरमिटानं बर्फाला भोक पाडून
तो उलट्या बादलीवर बसला होता.
मी नाव सांगितलं, फाइलीचं नाव सांगितलं.
फाइलीचं ऐकून त्यानं टोपी मागे सारली.

"पहिली सिस्टिम विकली गेली," तो म्हणाला,
"दुसरी बाजारात आलीच नाही,
तिच्या खिडक्यांचे कोपरे मी आठ महिने गोल करत होतो.
तिसरी आली, गाजली,
आणि एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर बंद झाली.
आम्ही परत आलो तर खुर्च्यांवर खोके ठेवलेले.
चौथीत तू आहेस.
माझ्या हातचं आता कुठं काही चालू नाही.
असलाच तर तो आकडा."

आणि आउने?

"फरशी पुसायची. रात्री दहानंतर.
बोटं अशी झालेली, की पिळलेलं फडकं
हातातून सुटायलाही वेळ घ्यायचं.
मी तिला माउस दिला. म्हटलं, ते फोल्डर उघड.
तिनं एक टिचकी मारली.
मग, जरा दमानं, दुसरी.
फोल्डर ढिम्म.
पुन्हा मारल्या. ढिम्म.
तिनं माउस अलगद खाली ठेवला,
एप्रनला हात पुसले
आणि विचारलं, मोडलं का रे माझ्यानं?"

वेइयोनं गळ वर ओढला. रिकामा.
आमिष नीट केलं, पुन्हा सोडला.

"त्या रात्री दीड वाजेपर्यंत आकडा वाढवत होतो.
ती बिचारी बस सोडून बसलेली.
सहाशेला उघडलं.
वरचे चाळीस वरताव्याचे."

भेटते का ती?

"तोर्निओला गेली, बहिणीकडे.
कॉम्प्युटर घेतला नाही कधी.
म्हणायची, मला काय उघडायचंय त्यात?"

एवढं बोलून तो भोकाकडे पाहू लागला.
मीही पाहिलं. पाणी काळं होतं
आणि कडेनं पुन्हा गोठायला लागलं होतं.

सोमवारी मी आकडा पाचशे केला.
तसं सांगितलंच होतं, आणि खरं सांगायचं तर
चाचणीत पाचशेच बरा ठरला होता,
चाचणीला आलेल्या साठ विद्यार्थ्यांपुरता.
मग सेटिंग्जमध्ये एक पट्टी बसवली,
कुणी मागितली नव्हती ती.
एका टोकाला सावकाश, दुसऱ्या टोकाला चपळ,
मध्ये बारीक रेघा.
त्यातली सहाशे चाळीसची
एका पिक्सेलनं जाड.

यार्मोनं तपासताना नेमकी तीच पकडली.
ही चुकून झालीय का?
मी टीप दाखवली, जुनीच, तारीख तेवढी नवी.
त्यानं वाचली. चष्मा कपाळावर नेऊन पुन्हा वाचली.
"ही आउने कुठल्या टीममध्ये असते?"

सफाईच्या, मी म्हटलं.

तो हसेल असं वाटलं होतं.
त्यानं कॉफीचा कप बाजूला सरकवला
आणि मंजूरचं बटण दाबलं,
दोनदा, कारण पहिल्यांदा
नीट लागलं नव्हतं.