परिशिष्ट ड

महापेच्या कंपनीला हवी होती चोवीस पानं,
बेलापूरच्या खात्याला साठ.
विषय एकच : धारण तलावातला गाळ.
दोन्हीकडे लिहिणारी मीच, पानामागे दर,
खात्याचा कमी, आणि तोही मार्चनंतर.

कंपनीतल्या रेगेबाई म्हणाल्या, समस्या लांबवा,
वाचणारा पुरता घाबरला पाहिजे,
मग एकोणिसाव्या पानावर अलगद येऊ दे आपला पंप.
किंमत नको. ही काही जाहिरात नाही.

खात्यातले सबनीस म्हणाले, समस्या आवरा.
'गाळ साचला' नको,
'साचत असल्याचे निदर्शनास आले' घाला.
कोणाच्या, ते नको.
श्वेतपत्रिका म्हणजे काय हो,
सभागृहात कुणी विचारलंच
तर पटलावर ठेवायला काहीतरी जाडसर.

मी मान डोलावली. दोघांपुढेही.

आकडे मात्र दोघांकडे नव्हते.
ते निघाले दिवाळे गावात, पोशा नाखव्याकडे,
नातवाच्या उरलेल्या वहीत,
दर अवसे-पुनवेला फाटकाशी काठी बुडवून टिपलेले :
तीन हात. अडीच हात. अडीच, खाली चिखल.
अठरा वर्षं.
कुणी सांगितलं होतं? कुणी नाही.
मग कशाला?
"मनान ठेवला त इसरतं."

त्याचा हात मी फूटपट्टीने मोजला,
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत,
सेहेचाळीस सेंटिमीटर.
कंपनीच्या कागदात तो हात झाला 'स्थानिक स्रोत',
खात्याच्या कागदात 'उपलब्ध माहितीनुसार'.

पण परिशिष्टं कुणी वाचत नाही.
परिशिष्ट ड मध्ये मी अख्खी वही उतरवली,
हात हातच ठेवले,
वर नाव : पोशा धाया कोळी, मोजणारे.
सबनीस एक्केचाळिसाव्या पानावर थकले
आणि सही केली.

दोन वर्षांनी कोकण भवनात सुनावणी.
वकील म्हणाले, इथे पाणी होतं याची नोंदच नाही,
भूखंड पहिल्यापासून कोरडा.
पोशाने पिशवीतून शासनाचीच प्रत काढली,
अठ्ठावन्नावं पान, घडी पडून मऊ झालेलं.
सगळे वाचत राहिले.
तो मात्र सातव्या ओळीवर अडला.
"हे चुकलंय. अडीच नाय, दोन."
आणि निळ्या पेनाने, कुणाला न विचारता,
पांढऱ्यावरचं काळं दुरुस्त केलं.

संध्याकाळी सबनीसांचा फोन :
शुद्धिपत्र काढावं लागेल.
अर्धंच पान भरेल.
अर्ध्या पानाचा दर
आमच्यात ठरलेला नाही.