उलटी बाजू

धनराज हेडाऊ गोळीबार चौकातून आला
साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन.
म्हणाला, मॅडम, जरा टाके घालून द्या,
पंधरा ऑगस्टले लावतो आम्ही, आजाच्या वेळेपासून.

अजब बंगल्याच्या मागच्या खोलीत
मी ते टेबलावर पसरलं.
वर पिवळा. मधे ताकाचा रंग. खाली निळा.
असा झेंडा कुठल्या देशाचा नाही.

भिंगाखाली हळूहळू उलगडत गेलं.
पळसफुलांचा केशरी उन्हात टिकत नाही,
आणि हिरवा म्हणजे निळीवर चढवलेली हळद;
हळद उडाली, नीळ राहिली.

पांढऱ्या पट्टीच्या एका काठाला दुहेरी दुमड.
मधल्या पट्टीला अशी दुमड कोण घालतं?
म्हणजे ही आधी सगळ्यांत वर होती,
तिच्याखाली हिरवा, त्याखाली लाल,
आणि तिन्हींवर मिळून एक मोठा चरखा.
चरखा उसवलाय. सुईची भोकं आहेत:
पांढऱ्यावर चाकाची कमान,
हिरव्यावर थोडे आरे,
एकमेकांना न जुळणारे.

पिशवीत वहीपण होती, झिंगराजीच्या अक्षरातली.
तेवीस सालचा उन्हाळा: झेंडे, नग अकरा. मजुरी नाही.
दहा सिव्हिल लाइन्सच्या वाटेवर गेले,
नेणाऱ्या पोट्ट्यांसकट आत.
अकराव्याचा चरखा उलटा बसला,
मूठ भलतीकडं.
म्हणून तो घरी राहिला.
म्हणून तो माझ्यासमोर आहे.

धनराज सांगतो, आजी हसली होती तेव्हा,
"वाऱ्याले समजते का जी, कोणती बाजू सुलटी?"
आजा हसला नाही. मागच्या बाजूनं पाहत राहिला:
मागून चरखा बरोबर होता.

एकतीस साली पट्ट्या उसवून नव्यानं जोडल्या.
केशरी वर, हिरवा खाली, चरखा लहान, पांढऱ्यापुरता.
कोणता रंग कशासाठी, यावर चौकात पुष्कळ बोलणं झालं असेल.
वहीत एवढंच: पळसफुलं, अडीच शेर.

मग सत्तेचाळीस, जुलै.
चक्र. आरे चोवीस. निळा दोरा, दोन आणे.
मी मोजले. आरे चोवीसच,
पण भोकांच्या ओळी पंचवीस;
एकदा चुकला, उसवलं, पुन्हा बसवलं.
खाली त्याच शाईत, जरा तिरकं:
दोन्हीकून सारखं दिसते. बरं झालं.

वहीच्या शेवटच्या पानांत एक नोंद,
ऑक्टोबर छप्पन्न:
उरला निळा दोरा नत्थू सोमकुवर, इंदोरा,
सदऱ्याच्या खिशावर चक्र काढायले.
समोरचा रकाना कोरा.

लाल मात्र सापडत नव्हता.
संध्याकाळी काठीच्या नळीत चिमटा घातला,
तर आत तो, घडी करून शिवलेला,
आलीच्या मुळीचा, कुंकवासारखा लख्ख.
उजेड त्याला कधी लागलाच नव्हता.
वीस-पंचवीस काठ्यांनी तेवढा घासला होता.

धनराजला फोन केला. सांगितलं,
हे कापड आता वारा सोसणार नाही,
आडवं ठेवावं लागेल, अंधारात, काचेखाली.
तो बराच वेळ गप्प.
"मंग धुऊन तरी द्या," म्हणाला.

नोंदणीच्या कागदावर एक रकाना असतो:
दर्शनी बाजू कोणती?
पेन उघडं आहे. पंखा कापडाच्या कडेला
जरा जरा उचलतो आहे.
पंखा बंद करायला हवा.