सांध्यातली फट

वही मीट, आनेलीस, इथे वारा फार.
डॅन्यूब कागद मागून घेते, परत करत नाही.
तुझ्या कार्यालयानं विचारलंय,
इतकी राष्ट्रं एकत्र राहतात ती कशाच्या जोरावर?
मला काय ठाऊक. मी एकतीस वर्षं
या पुलाचे बोल्ट आवळतोय.
अर्धा पूल आमचा, स्लोव्हाकियाचा,
अर्धा त्यांचा, हंगेरीचा.
मधोमध एक पिवळी पट्टी होती.
तिच्यापलीकडच्या गंजाला हात लावायची मनाई.

गंजाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पलीकडे बेर्तालान. माझ्याहून वीतभर उंच, दमेकरी.
पहिली काही वर्षं आम्ही कठड्यावर पाना आपटून बोललो.
दोनदा म्हणजे जेवायला चाललो,
तीनदा म्हणजे साहेब येतोय.
एका हिवाळ्यात त्याचा बावीस नंबरचा पाना
हातातून निसटून नदीत गेला.
मी माझा पट्टीवरून सरकवला.
आयुष्यात तेवढा एकच करार केला मी,
त्यावर कुणाची सही नाही.

मग ती डिसेंबरातली रात्र.
दोन महापौर, दोन बँड,
एकच गाणं, दोन वेगळ्या लयींत.
अडसर करवतीनं कापला, तुकडे लोकांनी घरी नेले.
शिक्के मारणारी लुदमिला ढसाढसा रडली.
वर्तमानपत्रानं छापलं : आनंदाश्रू.
नाही गं. तिची नोकरी गेली होती.
हेही लिही. वगळू नकोस.

त्यानंतर भांडलो ते रंगावरून.
आमचा हिरवा, त्यांचाही हिरवाच,
पण त्यांचा शेवाळासारखा, आमचा काकडीसारखा.
दोन वर्षं पत्रं चालली, तीन भाषांत,
तिसरी कुणाचीच नव्हती.
शेवटी राखाडी ठरला.
कुणालाच आवडला नाही,
म्हणून अजून टिकून आहे.

आणि तो आजाराचा वसंत.
एका रात्रीत पुलावर काँक्रीटचे ठोकळे आले,
तेही आपल्याच सरकारांनी पाठवलेले.
इकडे राहून तिकडच्या दवाखान्यात जाणाऱ्या नर्सा
ठोकळ्यांपाशी कागद दाखवत उभ्या.
ज्या पुलावरून पाव आणायला जायचो
त्याला पुन्हा दोन टोकं फुटली.
बेर्तालान तिकडे, छातीत घरघर.
मी रोज सहा वाजता कठड्यावर दोनदा ठोकायचो,
लोखंडाला कान लावून थांबायचो.
उत्तर यायचं.
एका संध्याकाळी एकच ठोका आला.
एकाचा अर्थ आम्ही कधी ठरवलाच नव्हता.
तरी कळला.
पाना त्याच्या बायकोच्या हातात होता.

असो. ये, इथे वाक.
हे दाते बघ, कंगव्यात कंगवा घातल्यासारखे,
याला सांधा म्हणतात.
जुलैत यात नखही शिरत नाही,
जानेवारीत अख्खी मूठ जाते.
एकदा वरून एक हुशार साहेब आला.
म्हणाला, दोन देशांमध्ये फट शोभत नाही, बुजवा.
बुजवली.
त्या उन्हाळ्यात पूल फुगला, त्याला जागा मिळेना,
बारा मीटर कठडा सापासारखा वळला.
तेव्हापासून फट आहे तशी आहे.
फक्त तिच्यात माती साचते,
खडे, सिगारेटची थोटकं, कुणाचं तरी बटण.
महिन्याला एकदा गुडघ्यांवर बसून काढावी लागते.
कुणालातरी.

तुझा प्रश्न मोठा आहे, माझ्याकडे ब्रश आहे.
हा दुसरा तू घे.
बूट भिजतील, त्याला इलाज नाही.
पिवळी पट्टी कुठे होती ते आता मलाही सांगता येणार नाही,
तेव्हा सरळ त्या टोकापर्यंत करू,
त्यांचा माणूस आज रजेवर आहे.