केरबा

फहाहीलच्या गेटवर मिसरी स्टोअरकीपरनं
पासावरचं माझं नाव उजवीकडून डावीकडं वाचलं
आणि टेबल बडवून हसला.
टाइप करणाऱ्यानं मधे एक 'ह' घुसडला होता.
"कहरबा! अरे, ह्या पोराचं नाव वीज आहे!"
मी आलो होतो खड्डे खणायला.
त्या हसण्यातच मला वायरिंगच्या टोळीत ढकललं,
हातात टेस्टर दिला.
एकतीस वर्षं झाली.

खरं नाव कुणी विचारलं नाही.
आणि सांगणार तरी काय अरबीत?
की माझ्या आधी तिघं गेली,
एक पाचवीच्याही आधी, एक गोवरानं,
एक नुसतंच;
म्हणून मी जन्मलो तसा सुईणीनं
घरातला केर कोपऱ्यात लोटला,
त्यात मला लोळवलं, सुपात भरलं,
उकिरड्यावर नेऊन ठेवलं,
आणि शेजारच्या तानाकाकूनं
मूठभर जोंधळ्याला विकत घेऊन
आईला सांभाळायला दिलं.
मरण परत आलंच बघायला
तर त्याला दिसावं, हा केर आहे.
केर कोण नेतं?

मुरगूडच्या शाळेत आम्ही चार केरबा.
थोरला केरबा, चिपाड केरबा,
तळ्यावरचा केरबा, आणि मी, नुसता.
शिवाय दोन भिकू, एक धोंडी.
प्रत्येकाच्या आधी कुणी ना कुणी गेलेलं.
गुरुजी हजेरी घ्यायचे
ती खरं तर न आलेल्यांचीच असायची.

मग दवाखाना झाला, लशी आल्या,
पोरं जगायला लागली
आणि आमची नावं गेली.
ह्याबद्दल तक्रार नाही.

माझ्या पोरीचं नाव शर्वरी.
कॉलेजच्या फॉर्मवर मधे नुसता 'के' लिहायची,
मैत्रिणींनी विचारलं तर सांगायची, केदार.
एकदा फोनवर म्हणाली,
"अप्पा, कचरा असं कुणी नाव ठेवतं का?"
मी म्हटलं, रेंज जातीय.

परवा मुबारकियात
जपमाळा विकणाऱ्या म्हाताऱ्या घलूमचा फ्यूज उडाला.
तोज येऊन गेलं होतं, सगळ्या बाजारावर धूळ,
जो तो आपल्या दारातला केर लोटत होता.
दिवे लावून दिले. त्यानं चहा मागवला, नाव विचारलं.
"कहरबा," मी सवयीनं म्हटलं.
"ते नाही. आईनं ठेवलेलं."
मग का कोण जाणे, सांगितलं.
मोडक्या अरबीत,
सुपाला शब्द सापडेना तेव्हा हातानं पाखडून दाखवलं.

तो हसला नाही.
गल्ल्यातून एक पिवळा मणी काढला,
बाहीवर घासला, घासत राहिला,
आणि खोक्यातल्या भुश्श्यावर धरला.
काड्या उडाल्या. चिकटल्या.
"आमच्या फारसीत काह म्हणजे काडी, गवत,
तुझा तो केरच म्हण.
रुबा म्हणजे ओढून घेणारा.
काहरुबा ह्या मण्याचं नाव.
विजेला ते मागाहून मिळालं,
अरबांनी इथूनच उचललं."

एक काडी मण्याला लोंबत होती,
पडत नव्हती.
मी तिच्याकडं बघत बसलो, चहा निवला.
मला वाटायचं, ह्या गावात माझं नाव चुकलं.
चुकलं खरं, पण थोडंच.
केर मी.
कहरबा ती,
उकिरड्यावर वाकलेली,
पदराला जोंधळ्याची गाठ मारलेली तानाकाकू.

शर्वरीला सातवा लागलाय.
'क' वरून सुचवा म्हणाली,
दोन अक्षरी, बाहेरच्या देशात चालेलसं.
यादी तिच्याकडं आहे, दीडशे नावांची,
सगळ्यांचा अर्थ राजा नाहीतर सूर्य.
मी नाव काही सुचवलं नाही.
विचारलं, तुझ्या घरात सूप आहे का गं?

म्हणाली, टोमॅटोचं?